विद्यार्थ्यांच्या पहिल्या वेबपानासाठी निओसिटीज: काय जमतं, कुठे अडतं

अकरावी-बारावीच्या आयटी विषयात वेब डिझाइनिंगची प्रकरणं आहेत, अनेक शाळांत त्याआधीही एचटीएमएलची (वेबपान लिहायच्या भाषेची) तोंडओळख होते. पण हे शिक्षण बहुतेक ठिकाणी लॅबच्या दाराशीच थांबतं. नोटपॅडमध्ये पान लिहायचं, ब्राउझरमध्ये उघडून बघायचं, जर्नलमध्ये प्रिंट चिकटवायची, झालं. पान नेटवर चढत नाही, म्हणून त्याला पत्ता मिळत नाही, आणि घरी मोबाइलवर उघडून "हे मी केलंय" असं दाखवता येत नाही. ही राहिलेली पायरी एका तासिकेत आणि एक पैसाही न घेता पार पाडून देणारी सेवा म्हणजे निओसिटीज. या कामासाठी आज जे पर्याय आहेत त्यांत पहिल्या पानाला हाच सर्वांत चांगला, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यात अडचणी आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याचशा मराठी मजकुराशी व आपल्या लॅबमधल्या सवयींशी जोडलेल्या आहेत. त्यांच्याबद्दल कुठे नीट लिहिलेलं सापडत नाही, म्हणून खाली सविस्तर लिहिलं आहे.

आधी सेवा काय आहे ते. १९९४ साली सुरू झालेल्या जिओसिटीजवर कोणालाही आपलं पान फुकट बांधता यायचं. याहूने ती १९९९ मध्ये विकत घेतली आणि २००९ मध्ये बंद केली. त्याच कल्पनेवर २०१३ मध्ये निओसिटीज उभी राहिली. फुकट खात्याला १ जीबी जागा आणि महिन्याला २०० जीबी डेटा मिळतो. आपल्या पानावर जाहिराती लादल्या जात नाहीत. महिना ५ डॉलर भरले तर ५० जीबी जागा मिळते आणि स्वतःचं डोमेन जोडता येतं. विद्यार्थ्यांना याची काहीच गरज नाही.

निओसिटीजची खरी ताकद म्हणजे ती फाइल लपवत नाही. खातं उघडलं की आत चार फाइली तयार असतात: मुख्य पान, म्हणजे इंडेक्स डॉट एचटीएमएल, सजावटीची सीएसएस फाइल, पान सापडलं नाही तर दिसणारं पान, आणि एक चित्र. मुख्य पानावर 'एडिट' दाबलं की सरळ कोड समोर येतो. एक ओळ बदलायची, सेव्ह करायचं, दुसऱ्या टॅबमध्ये पान ताजं करायचं, आणि बदल जगाला दिसतो. मुलाला पहिल्यांदा कळतं की वेबसाइट म्हणजे कुठल्या तरी संगणकावर ठेवलेल्या साध्या मजकुराच्या फाइली, दुसरं काही नाही. तयार ठोकळे ओढून पान बनवणाऱ्या सेवांत नेमकी हीच समज हरवते.

गुगल साइट्सचं तसंच आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनाचं पान किंवा विज्ञान प्रदर्शनाची माहिती अर्ध्या तासात टाकायची असेल तर ती उत्तम: मोबाइलवर नीट दिसते, मराठी टायपिंगला अडथळा नाही, आणि पान फक्त ठरावीक लोकांनाच दिसेल असं कुलूपही लावता येतं. पण पानाचा एचटीएमएल तुम्हाला बघता येत नाही, बदलता येत नाही. शिवाय शाळेने दिलेल्या खात्यावर साइट केली आणि दहावीनंतर ते खातं बंद झालं, की साइटही त्याच्याबरोबर जाते. माहिती देणं हा हेतू असेल तर गुगल साइट्स घ्या. मुलांना वेब शिकवायचं असेल तर तिच्यावर तासिका खर्च करू नका.

आता प्रत्यक्ष काम. चाळीस मुलं, वीस संगणक आणि रडतखडत चालणारं इंटरनेट हे गृहीत धरलं, तर सगळ्यांना एकदम ऑनलाइन बसवू नये. पान लिहायला इंटरनेट लागत नाही. फाइल संगणकावर ठेवायची आणि तिच्यावर डबल क्लिक करायचं, ब्राउझर ती उघडतो. तीन तासिका याच पद्धतीने चालवाव्यात आणि चढवण्याचं काम शेवटी ठेवावं. एका पानाचा एचटीएमएल चार-पाच केबी असतो, तो मोबाइलच्या हॉटस्पॉटवरूनही क्षणात चढतो. वेळ खातात ते फोटो.

पहिला दगड नोटपॅडमध्येच लागतो. फाइल सेव्ह करताना खालच्या 'सेव्ह अ‍ॅज टाइप' मध्ये 'ऑल फाइल्स' निवडलं नाही तर नावापुढे डॉट टीएक्सटी चिकटतं. विंडोज फाइलींची शेपटं (एक्स्टेन्शन्स) लपवत असल्यामुळे मुलाला फाइल बरोबरच दिसते, पण डबल क्लिक केल्यावर पान न उघडता नोटपॅडच उघडतं. त्यामुळे पहिल्याच दिवशी प्रत्येक संगणकावर फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू' मध्ये जाऊन 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' वर खूण करून घ्यावी. दोन मिनिटांच्या या कामाने पुढच्या निम्म्या तक्रारी येतच नाहीत.

दुसरा दगड खास आपला. लॅबमध्ये जुनं विंडोज असेल तर नोटपॅड फाइल 'एएनएसआय' पद्धतीने साठवतो. त्या पद्धतीत देवनागरीला जागाच नाही. सेव्ह करताना तो एक इशारा देतो, मूल 'ओके' दाबून मोकळं होतं, आणि पुन्हा उघडल्यावर सगळा मजकूर प्रश्नचिन्हांची रांग झालेला असतो. तो परत मिळत नाही, कारण फाइलमध्ये खरोखरच प्रश्नचिन्हं साठवली गेलेली असतात. म्हणून 'एन्कोडिंग' मध्ये यूटीएफ-८ ही देवनागरीसह सगळ्या लिप्या साठवणारी पद्धत निवडायची. विंडोज १० च्या २०१९ मधल्या आवृत्तीपासून नोटपॅड हे आपण होऊन करतो, तरी एकदा बघून घ्यावं. शिवाय पानाच्या 'हेड' भागात अगदी वर 'मेटा कॅरसेट यूटीएफ-८' ही ओळ हवीच. ती नसेल तर फाइल बरोबर असूनही काही ब्राउझरांत मराठीच्या जागी à आणि ¤ सारख्या खुणांची खिचडी दिसते. दोन्ही दोष ओळखायची खूण सोपी आहे: प्रश्नचिन्हं दिसली तर साठवण चुकली, मजकूर गेला, खिचडी दिसली तर मजकूर शाबूत आहे, फक्त ही ओळ घाला.

शिक्षकांकडून येणारा जुना मजकूर ही तिसरी गोष्ट. शाळेचा इतिहास, मागच्या स्मरणिकेतला लेख वगैरे श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या फॉन्टांत टाइप केलेला असतो. तो वेबपानावर चिकटवला की निरर्थक इंग्रजी अक्षरं दिसतात. यूटीएफ-८ निवडून तो सुधारत नाही, कारण तिथे मुळात मराठी अक्षरं साठवलेलीच नाहीत, इंग्रजी अक्षरांना मराठीचं सोंग दिलेलं आहे. तो मजकूर फॉन्ट बदलून देणाऱ्या परिवर्तकातून युनिकोडमध्ये, म्हणजे खऱ्या मराठी अक्षरांत, आणावा लागतो, आणि त्यानंतर रफार, जोडाक्षरं व पहिली वेलांटी डोळ्यांखालून घालावी लागतात. दोन पानांपर्यंतचा मजकूर असेल तर मुलांकडून इन्स्क्रिप्ट या मराठी कळफलकावर पुन्हा टाइप करून घेणं जास्त सरळ.

व्हॉट्सअ‍ॅपवरून किंवा वर्डमधून कोड चिकटवणं टाळावं. वर्ड सरळ अवतरणचिन्हं वळणदार करतो. ब्राउझरला कोडमध्ये वळणदार चिन्हं कळत नाहीत, आणि फोटोचा पत्ता किंवा दुव्याचा पत्ता निकामी होतो. नुसत्या डोळ्यांना फरक दिसत नाही म्हणून मुलं तासभर शोधत बसतात. पान अर्धवट बिघडलं की आधी अवतरणचिन्हं पुसून हाताने पुन्हा टाइप करून बघायची.

मग फाइलींची नावं. विंडोज लहान आणि मोठ्या इंग्रजी अक्षरांत भेद करत नाही. निओसिटीजचा सर्व्हर करतो. कोडमध्ये 'फोटो डॉट जेपीजी' लहान अक्षरांत लिहिलेलं आहे आणि कॅमेऱ्याने फाइलचं शेपूट मोठ्या अक्षरांत ठेवलेलं आहे, तर लॅबमध्ये फोटो छान दिसतो आणि चढवल्यावर गायब होतो. 'इथे तर दिसत होतं' ही तक्रार आली की दहापैकी बहुतेक वेळा कारण हेच. दुसरं कारण म्हणजे फोटोच्या पत्त्यात सी ड्राइव्हपासूनचा सगळा मार्ग लिहिलेला असणं. तो मार्ग त्या एकाच संगणकावर खरा असतो. फोटो पानाच्याच फोल्डरमध्ये ठेवावा आणि कोडमध्ये नुसतं फाइलचं नाव लिहावं. नाव लहान इंग्रजी अक्षरांत, आकडे आणि आडव्या रेघेसह, मध्ये मोकळी जागा न सोडता. देवनागरीत फाइलचं नाव द्यायचा मोह होतो, पण दुवा कॉपी करताना प्रत्येक देवनागरी चिन्हाचे टक्क्याच्या खुणांसकट नऊ अक्षरांचे सांकेतिक तुकडे होतात. 'किल्ला' एवढ्या एका शब्दाची चोपन्न अक्षरं होतात, आणि असा दुवा कुठेतरी मध्येच तुटतो.

फोटोंचं गणित फळ्यावर मांडून दाखवण्यासारखं आहे. मोबाइलचा फोटो सहज ४ एमबीचा असतो. पानावर तीन फोटो म्हणजे १२ एमबी, आणि चाळीस मुलांचे मिळून ४८० एमबी. फुकट जागेपैकी जवळजवळ निम्मी संपली. तेच फोटो १२०० पिक्सेल रुंदीचे केले तर प्रत्येकी २०० केबीच्या आसपास येतात, अख्ख्या वर्गाचे २४ एमबी. महिन्याच्या २०० जीबी डेटात १२ एमबीचं पान सुमारे साडेसोळा हजार वेळा उघडेल, ६०० केबीचं सुमारे सव्वातीन लाख वेळा. डेटा संपेल ही भीती खरं तर नाहीच. खरा प्रश्न गावाकडे कमी रेंजमध्ये ते पान उघडणाऱ्या आजोबांचा आहे. पेंटमध्ये फोटो उघडून कंट्रोल-डब्ल्यू दाबलं की आकार बदलायची खिडकी येते, तिथे 'पिक्सेल्स' निवडून रुंदी १२०० करावी.

याहून सोपी युक्ती म्हणजे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून स्वतःलाच पाठवणं, 'डॉक्युमेंट' म्हणून न पाठवता साध्या फोटोसारखा. व्हॉट्सअ‍ॅप तो आपोआप लहान करतं आणि फोटोत दडलेली जागेची माहितीही काढून टाकतं. ही दुसरी गोष्ट फार महत्त्वाची आहे. मोबाइलमध्ये लोकेशन चालू असेल तर फोटो नेमका कुठे काढला त्याचे अक्षांश-रेखांश फाइलमध्येच साठतात, आणि घराच्या अंगणात काढलेला फोटो मुलाच्या घराचा पत्ता सांगून जातो. मात्र व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फाइलच्या नावात मोकळ्या जागा, तारीख आणि वेळ असते, आणि शेपूट 'जेपीजी' ऐवजी 'जेपीईजी' असतं. चढवण्याआधी नाव बदलणं आलंच. आयफोनवरचे एचईआयसी फोटोही बहुतेक ब्राउझरांत दिसत नाहीत, तेही याच वाटेने जेपीजी करून घ्यावेत.

मराठी पान वाचायला सुखाचं करायला तीन-चार गोष्टी पुरतात. 'एचटीएमएल' या पहिल्या टॅगमध्ये भाषा 'एमआर' लिहावी. काही फॉन्ट ती बघून ल आणि श मराठी वळणाचे दाखवतात, आणि वाचून दाखवणारी सॉफ्टवेअरंही योग्य आवाज निवडतात. ओळींमधलं अंतर १.६ ते १.८ ठेवावं, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकतात. अक्षरांमधलं अंतर वाढवणारा सीएसएस गुण मराठीला लावू नये, त्याने शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. फॉन्टसाठी मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचे 'मुक्त' (Mukta) आणि 'बलू' (Baloo), किंवा 'टिरो देवनागरी मराठी' घ्यावा. सगळे मुक्त परवान्याचे आहेत. गुगल फॉन्ट्सवरून दुवा जोडण्यापेक्षा फॉन्टची फाइल उतरवून आपल्याच फोल्डरमध्ये ठेवावी आणि सीएसएसमध्ये 'फॉन्ट-फेस' ने जोडावी. निओसिटीजच्या फुकट खात्यात फॉन्टच्या फाइली चढवता येतात. मग बाहेरच्या कुठल्याही सेवेवर पान अवलंबून राहत नाही, आणि नेट बंद असतानाही लॅबमध्ये तोच फॉन्ट दिसतो. फाइल काही शे केबीची असते, म्हणून एकच फॉन्ट, फार तर दोन वजनं (साधं आणि ठळक).

आणि 'व्ह्यूपोर्ट' ची मेटा ओळ विसरू नये. पान जवळजवळ प्रत्येक जण मोबाइलवरच उघडणार. ही ओळ नसेल तर मोबाइल ते पान मोठ्या पडद्याचं समजून आक्रसून दाखवतो, अक्षरं मुंगीएवढी होतात. 'टायटल' ही बदलावं. दुवा व्हॉट्सअ‍ॅपवर टाकल्यावर तेच नाव ठळक दिसतं, आणि तिथे निओसिटीजने घातलेलं इंग्रजी नाव राहिलं तर मुलाचं काम मुलाचं वाटत नाही.

आता निओसिटीजच्या उणिवा. फुकट खात्यात ठरावीक प्रकारच्याच फाइली चालतात. एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट, चित्रं, मजकूर, फॉन्ट चालतात. एमपीथ्री आणि व्हिडिओ चालत नाहीत. आजीच्या ओव्या ध्वनिमुद्रित करून पानावर लावायच्या असतील तर इथे जमणार नाही. सर्व्हरवर चालणारा कोड नाही, म्हणजे पीएचपी नाही, डेटाबेस नाही. अभिप्रायाचा फॉर्म दिसेल पण भरलेली माहिती कुठे जाणार नाही. सगळ्यात जास्त बोचणारी उणीव म्हणजे जुन्या आवृत्त्या जपल्या जात नाहीत. एडिटरमध्ये चुकून सगळं पुसून सेव्ह केलं तर ते गेलं. एकच फाइल दोन संगणकांवर उघडी असेल तर शेवटी सेव्ह करणाऱ्याचं राहतं, आधीच्याचं काम पुसलं जातं.

यामुळे चाळीस मुलांना एकाच खात्याचा पासवर्ड देणं हा सरळसरळ धोका आहे. उलट प्रत्येकाचं वेगळं खातं उघडायचं तर प्रत्येकाला ईमेल हवा, 'मी यंत्र नाही' ही चाचणी पार करायला हवी, पासवर्ड लक्षात ठेवायला हवा; अर्धी तासिका त्यातच जाते. आठवी-नववीसाठी सगळ्यात निर्धोक मार्ग असा: वर्गाचं एकच खातं, पासवर्ड फक्त शिक्षकांकडे. प्रत्येक मुलाचं हजेरी क्रमांकाच्या नावाचं फोल्डर, त्यात त्याचं मुख्य पान आणि फोटो. मुलं पेनड्राइव्हवर फोल्डर देतात, शिक्षक ते निओसिटीजच्या खिडकीत ओढून टाकतात. खात्याच्या मुख्य पानावर सगळ्यांच्या फोल्डरांचे दुवे. वेगळी खाती अकरावीपासून पुढे.

निओसिटीजवर प्रत्येक साइटचं एक ओळखपानही असतं, जिथे अनोळखी लोक साइटला फॉलो करतात आणि टिप्पणी टाकतात. मोठ्यांसाठी ही गंमत आहे, शाळेच्या खात्यासाठी नाही. सेटिंग्जमध्ये जाऊन टिप्पण्या आणि ओळखपान दोन्ही पहिल्याच दिवशी बंद करावं. तिथल्या इतर साइट्स चाळण्याची सूटही लहान वर्गात देऊ नये, सगळ्याच साइट्स मुलांनी बघण्यासारख्या नसतात.

पानावर काय लिहायचं नाही हे आधी ठरवावं. पूर्ण नाव, शाळेचं नाव आणि चेहरा या तिन्ही गोष्टी एका पानावर नकोत. फोन नंबर, घरचा पत्ता, जन्मतारीख अजिबात नको. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची व्यक्ती म्हणजे मूल, आणि मुलाच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. शाळेने लेखी संमती घेऊन ठेवणं योग्य. पान सर्च इंजिनांत येऊ नये असं वाटत असेल तर 'नोइंडेक्स' ची मेटा ओळ घालता येते. पण ते कुलूप नव्हे, दुवा हाती असलेला कोणीही पान उघडू शकतो. खरंच मर्यादित लोकांनाच दाखवायचं असेल तर त्या एका कामासाठी गुगल साइट्सकडे वळावं.

मोठ्या मुलांसाठी पुढची पायरी गिटहब पेजेस, म्हणजे कोड साठवणाऱ्या गिटहब या सेवेवर साइट चालवायची सोय. खात्यासाठी वय किमान १३ लागतं. आपल्या सदस्यनावापुढे 'डॉट गिटहब डॉट आयओ' जोडून त्या नावाची रिपॉझिटरी (फाइलींचा साठा) काढायची, फाइली ओढून टाकायच्या, सेटिंग्जमधल्या 'पेजेस' मध्ये 'मेन' शाखा आणि 'रूट' निवडून सेव्ह करायचं. साइटची मर्यादा १ जीबी, ब्राउझरमधून चढवायची एकेक फाइल २५ एमबीपर्यंत. बदल दिसायला कधी कधी दहा मिनिटं लागतात, त्यामुळे निओसिटीजवर मिळणारा 'लिहिलं की दिसलं' हा आनंद इथे नाही. मुख्य पान एखाद्या आतल्या फोल्डरमध्ये राहिलं तर ४०४, म्हणजे 'पान सापडलं नाही' हा दोष, दिसतो. पहिल्यांदा करणाऱ्यांचं बहुतेक इथेच अडतं. मोबदल्यात प्रत्येक बदलाचा इतिहास राहतो, पुसलेलं परत आणता येतं. त्याचीच दुसरी बाजूही मुलांना नीट समजावून सांगायला हवी: फुकट खात्यावर पेजेससाठी रिपॉझिटरी सार्वजनिक ठेवावी लागते, म्हणून चुकून टाकलेला फोन नंबर पानावरून काढला तरी इतिहासात कोणालाही दिसतो. अशा वेळी पूर्ण रिपॉझिटरी काढून टाकून नव्याने चढवणं हाच साधा इलाज.

शेवटची गोष्ट साठवणीची, आणि ती कुठल्याही सेवेला लागू आहे. मोझिलाचं थिंबल याच कामासाठी बनवलेलं सुंदर साधन होतं. २०१९ च्या अखेरीस ते बंद झालं आणि तिथले प्रकल्प ग्लिचवर न्यायला सांगण्यात आलं. ग्लिचनेही जुलै २०२५ मध्ये साइट चालवणं थांबवलं. निओसिटीज आज चांगली चालू आहे, तरीही मुलाचं पान तिच्या भरवशावर सोडू नये. डॅशबोर्डवर पूर्ण साइट एका झिप फाइलमध्ये उतरवायची सोय आहे. प्रत्येक सत्राच्या शेवटी ती झिप घ्यावी, आणि घेऊन नुसती ठेवू नये. वेगळ्या संगणकावर नेट बंद करून उलगडावी आणि प्रत्येक फोल्डरचं मुख्य पान उघडून बघावं. जिथे फोटो दिसणार नाही किंवा फॉन्ट बदललेला दिसेल, तिथे पत्ता बाहेरचा दिलेला आहे असं समजावं आणि तो त्याच दिवशी त्या मुलाकडूनच दुरुस्त करून घ्यावा.